घडीची क्रियापदे

विज्ञानाविषयीच्या मराठी लेखनात गेल्या काही वर्षांत एक शब्द वारंवार भेटू लागला आहे : 'फोल्डिंग'. प्रथिनांचे फोल्डिंग, आरएनएचे फोल्डिंग, अवकाश दुर्बिणीचे फोल्डिंग आणि अर्थातच फोल्डिंगचा फोन. लेखकाला मराठी शब्द योजावासा वाटला तर 'घडी' येते, लेखणी जरा रंगात आली तर जपानी 'ओरिगामी'. मग या शब्दाच्या आधाराने एक देखणे विधान केले जाते : रेणूपासून दुर्बिणीपर्यंत निसर्ग आणि माणूस एकच कला वापरत आहेत. वाचायला हे बरे वाटते. माझा आक्षेप असा, की हे विधान बऱ्याच अंशी खरे नाही आणि ते खरे मानल्यामुळे जे समजून घ्यायला हवे तेच हातून निसटते.

हा आक्षेप मी भाषेच्या बाजूने मांडणार आहे. मराठीत घडी हे नाम सहसा एकटे येत नाही. आपण चादरीची घडी घालतो, नव्या साडीची घडी मोडतो. इस्त्रीच्या कपड्याला नको तिथे घडी पडते. कारभाराची घडी बसते आणि संसाराची विस्कटते. घालणे, मोडणे, पडणे, बसणे, विस्कटणे या पाच क्रियापदांत कर्ता बदलतो, हेतू बदलतो आणि घडीचे भवितव्यही बदलते. घातलेल्या घडीमागे कोणाचा तरी हात असतो, बसलेल्या घडीमागे तो असेलच असे नाही. मोडलेली घडी कामी आलेली असते, विस्कटलेली घडी काम बिघडवते. 'फोल्डिंग' हा शब्द या पाचही गोष्टी एकाच पोत्यात भरतो. त्या पुन्हा वेगळ्या करून पाहिल्या तर काय दिसते, ते पाहू.

घालणे

घडी घालण्याचे शास्त्र कागदावर सर्वांत स्वच्छ दिसते. एक कोरा कागद मधोमध दुमडावा, मग काटकोनात आणखी एकदा दुमडावा आणि उलगडावा. मधल्या बिंदूपाशी चार रेषा मिळतात. त्यांतल्या तीन खोलगट असतात आणि एक उंचवट्याची; कागद उलटा धरला तर याच्या विरुद्ध. हा योगायोग नाही. कागद सपाट मिटायचा असेल तर आतल्या प्रत्येक बिंदूपाशी उंच आणि खोल रेषांच्या संख्येत बरोबर दोनचा फरक असावाच लागतो. जुन माएकावा या जपानी अभ्यासकाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. घडी घालणारा मोकळा असतो, पण कागदाच्या अटींवर.

दुसरी अट जाडीची. २००२ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील ब्रिटनी गॅलिव्हन या शाळकरी मुलीने सुमारे १.२ किलोमीटर लांबीचा टॉयलेट पेपर बारा वेळा अर्धा दुमडून दाखवला. कागद सात-आठ वेळांपलीकडे दुमडत नाही, हा त्याआधीचा सार्वत्रिक समज. तिने या प्रश्नाचे सूत्रही मांडले : प्रत्येक दुमडीच्या वळणावर कागदाची काही लांबी खर्ची पडते आणि थर दुप्पट होत गेल्याने हा खर्च झपाट्याने वाढतो. घडीची किंमत वळणावर चुकवावी लागते. फोनचा विचार करताना हे लक्षात ठेवायला हवे.

या दोन्ही अटी पाळून घडी किती शहाणपणाने घालता येते, याचा उत्तम नमुना म्हणजे जपानचे अवकाश-अभियंते कोर्यो मिउरा यांची घडी. नेहमीच्या नकाशाच्या घड्या काटकोनात असतात. त्या एकावर एक येतात, छेदतात तिथे कागद ताणला जातो आणि नकाशा प्रथम तिथेच फाटतो. मिउरांनी एका दिशेच्या रेषा किंचित तिरक्या करून नागमोडी केल्या. त्यामुळे घड्यांचे कोपरे एकमेकांवर न येता थोडे सरकून बसतात. शिवाय सगळ्या रेषा परस्परांत अशा गुंततात की एक हलली की सर्व हलतात. समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढले की अख्खा नकाशा उघडतो, ढकलले की मिटतो. त्यातली प्रत्येक चौकट सपाटच राहते, हालचाल फक्त रेषेवर होते. या घडीचा सौरफलक १९९५ मध्ये जपानच्या 'स्पेस फ्लायर युनिट' या उपग्रहावर अवकाशात उलगडून पाहिला गेला. खऱ्या अर्थाने घातलेली घडी ती ही : तिचा क्रम कोणीतरी आधी ठरवलेला असतो आणि तो क्रम रेषांतच लिहिलेला असतो.

मोडणे

नवी साडी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला किंवा लाडक्या मैत्रिणीला 'घडी मोडायला' देण्याची आपल्याकडे रीत आहे. इथे मोडणे म्हणजे नासधूस नव्हे, पहिला वापर. अवकाशयानांच्या बाबतीत हे क्रियापद चपखल बसते, कारण त्यांच्या घडीला स्वतःचे असे काहीच मोल नाही. अग्निबाणाच्या टोकात जागा कमी असते म्हणून ती घालायची आणि वर गेल्यावर एकदाच मोडायची.

१८ ऑक्टोबर १९८९ रोजी निघालेल्या 'गॅलिलिओ' या गुरूकडे जाणाऱ्या यानाची मुख्य अँटेना छत्रीसारखी मिटलेली होती. १८ काड्या, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली धातूची जाळी, उघडल्यावर व्यास ४.८ मीटर. एप्रिल १९९१ मध्ये ती उघडण्याचा आदेश दिला गेला तेव्हा काही काड्या जागेवरून सुटल्याच नाहीत आणि छत्री अर्धवट उघडून अडकली. 'चॅलेंजर'च्या अपघातानंतर मोहीम लांबली होती आणि त्या काळात हे यान ट्रकने अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ने-आण केले गेले होते. त्या हादऱ्यांनी काड्यांच्या खुंट्यांवरचे वंगण झिजले असावे, असा निष्कर्ष पुढे निघाला. कपाटातल्या पैठणीच्या घड्या अधूनमधून बदलाव्यात, नाहीतर ती घडीवरच विरते, हे घरोघरी माहीत असते. फार काळ मिटलेली वस्तू सुरक्षित असते असे नाही. पुढे छोट्या, दुय्यम अँटेनातून, माहिती आकसून पाठवण्याच्या नव्या युक्त्या योजून, मोहिमेचे बरेचसे विज्ञान वाचवले गेले. छत्री मात्र शेवटपर्यंत उघडली नाही.

२५ डिसेंबर २०२१ रोजी सुटलेल्या जेम्स वेब दुर्बिणीची कथा सर्वांना ठाऊक आहे. तरी तिच्या घड्यांचे वर्णन करताना 'ओरिगामी' हा शब्द सरसकट वापरला गेला, त्याकडे पाहायला हवे. तिचा ६.५ मीटरचा आरसा १८ षट्कोनी तुकड्यांचा आहे आणि दोन्ही बाजूंचे तीन-तीन तुकडे बिजागरीवर मागे वळवलेले होते. ही कागदाची घडी नव्हे, दाराची झडप आहे. उष्णतारोधक पडदा मात्र खरोखर चुण्या घालून मिटलेला होता : टेनिस कोर्टाएवढे, केसाहून पातळ असे पाच थर. ते १०७ ठिकाणी धरून ठेवले होते आणि प्रत्येक पकड योग्य वेळी सुटणे आवश्यक होते. एक जरी बिघडली तर मोहीम धोक्यात, अशा एकूण ३४४ जागा अभियंत्यांनी मोजल्या होत्या. ४ जानेवारी २०२२ रोजी पडदा पूर्ण ताणला गेला. मिउरांच्या घडीत एका ओढीने सगळे उघडते, इथे शेकडो स्वतंत्र कृती क्रमाने साधाव्या लागल्या. दोन्हींना ओरिगामी म्हटले की हा फरक पुसला जातो, आणि अभियंत्यांची खरी चिंता याच फरकात होती.

पडणे

फोनकडे वळल्यावर शब्दांचा गोंधळ अधिकच गमतीचा होतो. जाहिरात सांगते की पडद्याची घडी होते. अभियंत्याचा सारा खटाटोप मात्र ती होऊ नये यासाठी चाललेला असतो.

हिशेब सोपा आहे. कोणतीही पट्टी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. मधे एक पातळी अशी असते की जिथे ना ताण ना दाब. बाहेरच्या बाजूचा ताण ढोबळमानाने जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागले की मिळतो. अर्ध्या मिलिमीटरची काच दीड मिलिमीटर त्रिज्येत वाकवायची म्हटली तर ती सुमारे १७ टक्के ताणावी लागेल. ती कधीच तडकून जाईल. जाडी ०.०३ मिलिमीटरवर आणली की ताण एका टक्क्यावर येतो. सॅमसंगने २०२० मध्ये घडीच्या फोनला साधारण एवढ्याच जाडीची काच लावली. त्याआधी, २०१९ मध्ये, त्या कंपनीच्या पहिल्या घडीच्या फोनचे पडदे परीक्षणासाठी दिलेल्या काही नगांत दिवसाभरात-दोन दिवसांत बिघडले होते आणि एप्रिलमधली विक्री सप्टेंबरवर गेली होती. काही परीक्षकांनी वरचा थर साधे संरक्षक आवरण समजून सोलून काढला होता. प्रत्यक्षात तो पडद्याचाच भाग होता.

पातळ काच हा अर्धाच उपाय. पडदा अनेक थरांचा असतो आणि ते घट्ट चिकटलेले असते तर सर्वांची मिळून एकच जाड पट्टी झाली असती. म्हणून त्यांच्यामध्ये मऊ चिकट पदार्थ घालतात. वाकताना थर एकमेकांवरून किंचित सरकतात आणि प्रत्येक थराला स्वतःची तणावमुक्त पातळी मिळते. ज्यांनी घडीची पोळी लाटली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दोन पदरांमध्ये तेलाचे बोट फिरलेले असले की पदर सुटे राहतात आणि पोळी न मोडता वळते.

याच कारणाने काही फोनच्या बिजागरीत पडदा थेंबाच्या आकाराच्या पोकळीत वळवतात, म्हणजे त्रिज्या मोठी राहते. थोडक्यात, पडदा वळतो, दुमडत नाही. मात्र हजारो वेळा त्याच जागी वळल्यावर मऊ थर पूर्वपदावर येणे हळूहळू सोडतात आणि मधोमध एक पुसट रेघ उमटते. तीच खरी घडी, आणि ती कोणी घातलेली नाही. ती पडलेली आहे. विकताना जिचे नाव घेतले जाते आणि वापरताना जिची तक्रार होते, अशी ही एकमेव घडी असावी.

बसणे

आता रेणूंकडे. इथे सगळेच उलटे होते. अवकाशयानाचे काम घडी मोडल्यावर सुरू होते, प्रथिनाचे काम घडी बसल्यावर. उलगडलेली दुर्बीण पाहू लागते, उलगडलेले प्रथिन निकामी होते. इथे कोणी घडी घालणारा नाही, आखलेली रेषा नाही आणि ताणाची किंमत चुकवणारे वळणही नाही. साखळीचे दुवे मुळातच फिरणारे आहेत. ते कोणकोणत्या कोनांत फिरू शकतात याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये मद्रासमध्ये मांडला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो आजही रामचंद्रनांच्या नावानेच आहे.

ख्रिश्चन अँफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या १२४ दुव्यांच्या प्रथिनावर केलेले प्रयोग 'बसणे' म्हणजे काय ते दाखवतात. या प्रथिनात गंधकाचे चार बंध आहेत. आठ टोकांच्या जोड्या १०५ वेगवेगळ्या प्रकारे जुळू शकतात, चालते ती एकच जुळणी. अँफिन्सन यांनी युरियाने प्रथिन पूर्ण सोडवले आणि बंधही तोडले. दोन्ही रसायने काढून घेतल्यावर ते आपोआप मूळ रूपात आले. मग त्यांनी युरिया तसाच ठेवून बंध जुळू दिले, तेव्हा जोड्या वाटेल तशा लागल्या आणि प्रथिन जवळपास निकामी झाले. शेवटी युरिया काढून, बंध सोडवणाऱ्या रसायनाचा किंचित अंश परत दिला, तर चुकलेल्या जोड्या सुटत-जुळत काही तासांत योग्य जुळणी मिळाली. चुकीची बसलेली घडी सुटण्याची मुभा मिळाली की बरोबर बसते, हा यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा. १९७२ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा गौरव झाला.

सायरस लेव्हिंथल यांनी १९६९ मध्ये विचारलेला प्रश्न इथून निघतो. शंभर दुव्यांच्या साखळीतल्या प्रत्येक दुव्याला तीनच स्थिती आहेत असे धरले तरी एकूण शक्यता पाचावर ४७ शून्ये इतक्या होतात. एकेक तपासत बसले तर विश्वाचे वय पुरणार नाही. प्रत्यक्षात अनेक छोट्या प्रथिनांची घडी सेकंदाच्या लहानशा अंशात बसते. म्हणजे घडीला वाट असते. ती चाचपडत नाही.

आरएनएत ही वाट आणखी ठळक दिसते. त्याची साखळी स्वतःवरच वळून जोड्या जमवते, ए-यू, जी-सी, कधी जी-यू, आणि केसांच्या आकड्यासारखे आकार तयार होतात. मग ते आकडे एकमेकांना बिलगतात. यीस्टमधील फेनिलअॅलनिन वाहून नेणारा ७६ दुव्यांचा आरएनए असाच इंग्रजी 'एल'सारखा बसतो; त्याची त्रिमितीय रचना १९७४ मध्ये उलगडली. पेशीत आरएनए तयार होत असतानाच त्याची घडी बसू लागते. आधी बाहेर पडलेला भाग आधी जोडीदार शोधतो आणि पुढची शक्यता कधी खुली होते, कधी बंद. २००२ मध्ये तर असे आरएनए सापडले की जे एखादा छोटा रेणू येऊन बसताच घडी बदलतात. जीवाणूतला एक आरएनए जीवनसत्त्व बी-१ पुरेसे आहे हे असे ओळखतो आणि ते बनवणाऱ्या जनुकाचे काम थांबवतो. इथे घडी म्हणजे साठवण नव्हे, ती कृतीच आहे.

पेशीतले सगळेच या क्रियापदात मावते असे नाही. प्रत्येक पेशीतला सुमारे दोन मीटर डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. दर रिळावर १४७ जोड्या. ती गुंडाळी आहे. पॉल रॉथमंड यांनी २००६ मध्ये विषाणूच्या ७,२४९ दुव्यांच्या डीएनए साखळीपासून हसरा चेहरा घडवला, त्याला 'डीएनए ओरिगामी' म्हणतात. त्यात लांब धागा दोनशेहून अधिक छोट्या तुकड्यांनी जागोजाग बांधला होता. मराठी शिवणकामात याला टाके म्हणतात.

विस्कटणे

नोव्हेंबर २०२० मध्ये 'अल्फाफोल्ड' या संगणक प्रणालीने प्रथिनांच्या रचना ओळखण्याच्या स्पर्धेत, १९९४ पासून चाललेल्या 'कॅस्प'मध्ये, बाजी मारली आणि 'प्रथिनांच्या घडीचा प्रश्न सुटला' असे मथळे आले. २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार सर्वांना खुले झाले. हे काम थोर आहे आणि त्याबद्दल किंतु बाळगण्याचे कारण नाही. किंतु आहे तो मथळ्याबद्दल. या प्रणालीने बसलेली घडी कशी दिसते ते सांगितले. घडी बसते कशी, हे नाही. प्रयोगशाळांनी अर्धशतक खपून मिळवलेल्या सुमारे १ लाख ७० हजार रचनांवरून आणि सजातीय प्रथिनांच्या तुलनेवरून ती शिकली. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा डेमिस हस्साबिस आणि जॉन जंपर यांना देताना निवड समितीने 'प्रथिनांच्या रचनेचे भाकीत' असेच नेमके शब्द वापरले. 'घडी' म्हटले नाही. समितीने पाळलेला संयम वार्तांकनाने पाळला नाही.

हा शब्दच्छल वाटू नये, म्हणून एका आजाराचे उदाहरण देतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये फुप्फुसांत चिकट कफ साचतो. त्याचे जनुक १९८९ मध्ये सापडले. ते ज्या प्रथिनाचे आहे त्यात १,४८० दुवे आहेत आणि बहुसंख्य रुग्णांत ५०८ क्रमांकाचा फक्त एक दुवा गळालेला असतो. तेवढ्याने घडी नीट बसत नाही आणि पेशीची तपासणी यंत्रणा ते प्रथिन जागेवर पोहोचण्याआधीच मोडीत काढते. प्रयोगशाळेत पेशी थोड्या थंड ठेवल्या तर त्यातली काही प्रथिने जागेवर पोहोचतात आणि बऱ्यापैकी कामही करतात, असे १९९२ मध्ये दिसले. म्हणजे बिघाड अंतिम आकारात कमी आणि तिथवरच्या वाटेत जास्त होता. पुढे घडी बसायला हात देणारी औषधे आली आणि अनेक रुग्णांचे आयुष्य बदलले. एखादा दुवा बदलल्याने घडी बसेल की कोसळेल, हे सांगण्यासाठी अल्फाफोल्ड घडवलेले नाही. प्रश्न सुटला असे ज्याने मानले, त्याला या रुग्णाचा प्रश्न दिसणारच नाही.

इथे माझ्या क्रियापदांचीही मर्यादा लागते, तीही नोंदवायला हवी. विस्कटणे म्हणजे आपल्या मनात अव्यवस्था. स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ज्यांना 'प्रायॉन' हे नाव दिले, ती प्रथिने विस्कटलेली नसतात. निरोगी प्रथिनाच्या दुव्यांचा जो क्रम तोच त्यांचा. घडी वेगळी, आणि ती फार पक्की. शिवाय शेजारच्या निरोगी प्रथिनाला ती आपल्यासारखे बसायला लावते. कुरू आणि गाईंमधला 'मॅड काऊ' हे आजार असे पसरतात. दुव्यांच्या क्रमातच आकार ठरलेला असतो, ही अँफिन्सन यांची शिकवण इथे अपुरी पडते, आणि 'घडी बसली की सारे सुरळीत' हा आपल्या भाषेतला गृहीत अर्थही. यासाठी 'चुकीची घडी बसणे' असे तीन शब्द लागतात, आणि ते सरळ लिहावेत.

मराठी विज्ञानलेखकांकडे माझे मागणे एवढेच आहे. नवा पारिभाषिक शब्द घडवण्याची इथे गरज नाही, ओरिगामीचीही सक्ती नाही. 'फोल्डिंग' लिहिण्याआधी घडी कोणी घातली की ती आपली आपण बसली, मोडल्यावर काम सुरू होते की थांबते, ती हवी होती की नुसती पडली, हे एकदा विचारावे. या प्रश्नांची उत्तरे वाक्यात आली की उरलेले बरेचसे विज्ञान आपोआप वाचकापर्यंत पोहोचते.